निसर्ग बघून केलेली डिझाइन्स: कोल्हापुरात बनवून मोजता येईल असं काय आहे?

रंकाळा_राउंड

मंडळी नमस्कार. मेकॅनिकल लास्ट इयरला आहे, इथंच कोल्हापुरात. प्रोजेक्टला विषय घेतलाय निसर्ग बघून केलेली डिझाइन्स, म्हणजे प्राणी पक्षी झाडं यांच्याकडनं इंजिनिअरिंगवाले, रोबोटवाले, डॉक्टर लोक काय काय उचलतात ते. विषय भारी वाटलेला पण आता वैताग आलाय, कारण आमच्याच बॅचला आणखी दोन ग्रुपांनी हेच घेतलंय आणि सगळ्यांच्या पीपीटीत तीच दोन चित्रं, एक वेल्क्रोचं आणि एक बुलेट ट्रेनचं. रिव्ह्यूला सर म्हणाले गोष्टी बास झाल्या, वर्कशॉपमध्ये बनवता येईल आणि आकड्यात मोजता येईल असं काहीतरी आणा नाहीतर विषय बदला.

बुलेट ट्रेनचं मी जरा जास्त वाचलं, कारण खंड्या रंकाळा तलावावर कायम दिसतो आणि म्हटलं आपला ओळखीचा पक्षी आहे. तर तिथं भानगड वेगाची नव्हतीच, बोगद्याची होती. जपानच्या सान्यो लाइनचा जवळपास निम्मा मार्ग बोगद्यातनं जातो, गाडी जोरात आत घुसली की पुढची हवा दाबली जाते आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाला मोठा धडाका व्हायचा, आजूबाजूचे लोक तक्रारी करायचे. एइजी नाकात्सु म्हणून इंजिनिअर, त्यांना पक्षी बघायचा नाद. त्यांच्या लोकांनी पाइपमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या गोळ्या मारून दाबाची लाट मोजली आणि त्यात जो आकार बरा निघाला तो खंड्याच्या चोचीच्या जवळचा होता. १९९७ ला ५०० सीरिजची गाडी ताशी ३०० किलोमीटरनं धावायला लागली, नुसतं नाकच १५ मीटरचं. वरच्या पेंटोग्राफचा (तारेतनं वीज घेणाऱ्या दांड्याचा) आवाज कमी करायला घुबडाच्या पिसांवरनं कल्पना घेतलेली, ते तर कुणी सांगतच नाही.

वाचायला मजा आली पण मी बोगदा कुठनं आणू? कॉलेजला थ्रीडी प्रिंटर आहे, यूटीएम (ओढून-दाबून मोडायचा लोड मोजणारं मशीन) आहे, वेल्डिंग लेथ सगळं आहे. पैसे जेमतेम. सुचवा की काहीतरी.

मोल्डर_उद्यमनगर

भावा तू जपानला कशाला निघालायस, उद्यमनगरात आमच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ये की.

आमच्यात कास्टिंग मोडून परत आलं की पहिल्यांदा कोपरा बघायचा. ब्रॅकेट असू दे, हौसिंग असू दे, पंपाची बॉडी असू दे, जिथं दोन भिंती काटकोनात भेटत्यात तिथनंच तडा जातोय. लोड येतोय आणि आतल्या कोपऱ्यात सगळा तुंबतोय. म्हणून पॅटर्नलाच (वाळूत ठसा उठवायच्या नमुन्यालाच) तिथं फिलेट, म्हंजे कोपऱ्याला गोलाई द्यायची, हे पोरासोरांना बी म्हाईत हाय. पण किती द्यायची? ड्रॉइंगवर आर पाच (त्रिज्या पाच) लिहिलंय तर आर पाच, का म्हणून कोण विचारत न्हाई. लई मोठी दिली की तिथं माल जाड होतोय, तो सगळ्यात शेवटी गार होतोय आणि आत श्रिंकेज, म्हंजे आकसून पोकळी पडतंय. बारीक दिली तर तडा, जाड दिली तर पोकळ, बस बोंबलत.

आता झाडानं ह्ये कसं सोडवलंय बघ. जुना वड असंल तिथं जा आणि खोडातनं जाड फांदी फुटलीय तो सांधा नीट न्याहाळ. कंपास लावून काढलेला गोल न्हाई त्यो. एका अंगाला बाक जास्त आणि पुढं पुढं सपाट होत जातोय. जर्मनीत कार्ल्सरूहेला क्लाउस माथेक म्हणून एक फिजिक्सवाला माणूस, त्यानं झाडं बघण्यातच आयुष्य घातलं. त्याचं म्हणणं असं की झाडाला वारा हलवतोय, जिथं ताण जास्त येतोय तिथं झाड जास्त लाकूड चढवतंय, आणि असं करत करत वरच्या अंगावरचा ताण सगळीकडं सारखा करून घेतंय. हाडाचं बी तसंच, फक्त हाडाला एक गोष्ट जादा येते, जिथं लोड न्हाई तिथला माल ते काढून टाकतंय. झाडाला चढवलेलं काढता येत न्हाई. त्या माणसानं आधी दोन्ही कॉम्प्युटरवर घातलं आणि नंतर कॉम्प्युटर नसणाऱ्यांसाठी नुसत्या त्रिकोणाची पद्धत काढली, आमच्यासारख्यांसाठीच म्हण.

काटकोनी कोपऱ्यात पहिला त्रिकोण ४५ अंशात बसवायचा. त्यानं मूळ कोपरा गेला पण त्रिकोणाच्या वरच्या टोकाला नवा, थोडा बोथट कोपरा आला. मग तिरक्या बाजूच्या बरोबर मध्यावरनं दुसरा त्रिकोण काढायचा, कोन निम्मा म्हंजे साडेबावीस. त्याच्या मध्यावरनं तिसरा, सव्वाअकरा. ज्या भिंतीवर ताण जास्त त्या भिंतीकडनं चढत जायचं. तीन बास होत्यात. शेवटाला टोकं मारून बाक गुळगुळीत करायचा. एवढंच हाय, वहीच्या कागदावर होतंय.

तू एक एल ब्रॅकेट घे. एकाला साधी गोल फिलेट, एकाला ही त्रिकोणाची, माल दोन्हीत सारखाच. यूटीएमवर लाव आणि कुठलं किती लोडला जातंय बघ. सरांना आकडे पायजेत न्हवं, ह्ये घे आकडे.

शंकासुर

मोल्डरमामांचं एकदम पटलं कारण त्यात मोजायची सोय आहे. या विषयात गोष्टी फार आणि मोजमाप कमी असा प्रकार आहे म्हणून थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नये.

मर्सिडीझनं २००५ ला बॉक्सफिशवरनं एक गाडी दाखवलेली, म्हणे तो चौकोनी मासा पाण्यातनं एकदम अलगद जातो आणि सरळ रेषेत स्थिर राहतो. गाडीचा ड्रॅग कोइफिशंट (हवेचा अडथळा किती ते सांगणारा आकडा) ०.१९ वगैरे. दहा वर्षांनी जीवशास्त्रवाल्यांनी तो मासा नीट तपासला तर उलटंच निघालं. ड्रॅग काही खास कमी नाही, आणि आकार त्याला स्थिर ठेवत नाही, अस्थिरच करतो, त्यामुळं त्याला पोवळ्यांच्या खाचाखोचांत पटकन वळता येतं. म्हणजे माशाला जे हवं होतं ते गाडीला नको होतं.

दुसरं, शार्कच्या कातडीचे पोहायचे सूट. २००० च्या ऑलिंपिकपासून गाजलेले. हार्वर्डच्या जॉर्ज लॉडर यांनी २०१२ मध्ये त्या कापडाचा पृष्ठभाग तपासला, त्याचा वेगाला काही फायदा दिसला नाही. पण खऱ्या शार्कची कातडी हलत्या पट्टीवर लावली तेव्हा मात्र वेग वाढला, १२ टक्क्यांच्या आसपास. खवल्यांचा आकार आणि अंग हलणं हे दोन्ही एकत्र लागतं, नुसतं कापडावर नक्षी उमटवून भागत नाही.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. झिंबाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर, १९९६, आर्किटेक्ट मिक पिअर्स. वाळवीच्या वारुळावरनं घेतलंय, आत गरम हवा चिमणीसारखी वर जाते म्हणून वारूळ गार राहतं असं तेव्हा मानायचे. पुढं स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी खरी वारुळं तपासून सांगितलं की वारूळ असं चालतच नाही, वारा आत-बाहेर ढकलला जातो आणि त्यातनं प्राणवायू कार्बन डायऑक्साइडची अदलाबदल होते, तापमान तर बरंचसं जमिनीवरच ठरतं. तरीपण बिल्डिंग मस्त गार राहते! रात्रीची थंड हवा जाड काँक्रीटमधनं फिरवायची आणि दिवसा ती थंडी वापरायची, हे गणित बरोबर होतं. वारुळाची समजूत चुकली तरी बिल्डिंग चुकली नाही.

त्यामुळं रंकाळा, प्रोजेक्ट कुठलाही घे, त्या प्राण्याला ती गोष्ट नेमकी कशाला लागते हे आधी बघ.

औषधवाली_ताई

मेडिकलची बाजू कुणी घेतली नाही म्हणून मी लिहिते, फार्मसीत आहे.

आमच्या काउंटरवरनं बीपीच्या एनालाप्रिल, रामिप्रिलच्या स्ट्रिप्स जातात ना, त्या सगळ्या खानदानाची मूळ वाट एका ब्राझिलियन सापाकडनं येते. जराराका नावाचा विषारी साप, चावला की माणसाचं बीपी कोसळायचं. ब्राझीलच्या सर्जिओ फेरेरा यांनी साठच्या दशकात त्या विषातला तो घटक शोधला, मग अमेरिकेत स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी १९७५ ला कॅप्टोप्रिल बनवलं. विष होतं तसं गोळीत घालता येत नव्हतं कारण ते पोटात पचून जातं, म्हणून ते ज्या एन्झाइमला जाऊन बसतं त्या जागेत नेमका बसेल असा छोटा रेणू त्यांनी डिझाइन केला. हे मला खरं डिझाइन वाटतं. कुलूप सापानं दाखवलं, किल्ली माणसानं घासली.

डायबेटिसचं पण तसंच. गिला मॉन्स्टर नावाचा अमेरिकेतल्या वाळवंटातला सरडा, त्याच्या लाळेत जॉन एंग यांना १९९२ ला एक्सेन्डिन-४ सापडलं. आपल्या शरीरातलं साखर आवरणारं जीएलपी-१ हार्मोन एक-दोन मिनिटांत निकामी होतं, सरड्याचं मात्र टिकतं. २००५ ला त्यावरनं एक्सेनाटाइड इंजेक्शन आलं. आता जी वजन कमी करायची इंजेक्शनं गाजतायत ती सरड्याची नाहीत हां, सेमाग्लुटाइड हे माणसाच्याच हार्मोनमध्ये बदल करून बनवलंय, व्हॉट्सॲपवर कायपण फिरतं.

पण हे रेणूंचं काम तुझ्या वर्कशॉपमध्ये होणार नाही. तुला जमेल असं म्हणजे डासाची सुई. डास चावतो तेव्हा एक सुई घुसवत नाही, सहा बारीक काड्यांचा जुडगा असतो, त्यातल्या दोन करवतीसारख्या दातेरी आणि त्या आळीपाळीनं मागं-पुढं सरकत आत जातात, त्यामुळं जोर कमी लागतो आणि कातडी ताणली जात नाही. जपानच्या कान्साई विद्यापीठात सेइजी आओयागी यांनी त्यावरनं बारीक सुया बनवल्या. तू मायक्रोनमध्ये जाऊ नकोस, मोठ्या मापात कर. जिलेटिनचा ठोकळा घे, एक गुळगुळीत सुई आणि एक दातेरी थरथरणारी, आत जायला किती जोर लागतो ते वजनकाट्यावर मोज. ठोकळा काट्यावर ठेवला की झालं, वेगळं मशीन नको.

शंकासुर, तुमच्या शार्कला थोडा न्याय देते. फ्लोरिडा विद्यापीठातले अँथनी ब्रेनन अमेरिकी नौदलासाठी जहाजांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून काम करत होते, शार्कच्या अंगावर काही चिकटत नाही हे बघून त्यांनी खवल्यांसारखी बारीक नक्षी प्लास्टिकवर उमटवली. पुढं दिसलं की त्यावर जंतूंना पण वस्ती करायला जड जातं. औषध नाही, केमिकल नाही, नुसता खडबडीतपणा, म्हणून कॅथेटरसारख्या गोष्टींसाठी लोक त्याच्या मागं आहेत. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू वाढतायत त्या काळात मला हे सूटपेक्षा शंभर पटीनं महत्त्वाचं वाटतं.

घाटवाट

सगळे प्राण्यांच्या मागं लागलेत, गवताकडं कुणी बघायचंच नाही का?

दिवाळीनंतर पन्हाळ्याच्या, जोतिबाच्या डोंगराला जाऊन या, कुसळी गवत वाळलेलं असतं आणि पँटला, मोज्याला कुसळं भरतात. मेंढ्यांच्या तर लोकरीतनं आत कातडीपर्यंत जातात, मेंढपाळांना विचारा. आता त्यातलं एक कुसळ काढा आणि ओल्या तळहातावर ठेवा. फिरायला लागतं! जिवंत किडा असल्यागत. शेपटीच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे पिळासारखे बसलेले असतात, ओल लागली की फुगून पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. पाऊस पडला, ऊन पडलं, परत पाऊस, असं करत बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं, बॅटरी नाही मोटर नाही.

असंच एक एरोडियम नावाचं रोप आहे, त्याचं बी बघून अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी ओक लाकडाच्या पातळ पापुद्र्यापासून बी घेऊन जाणारं स्क्रू बनवलं, २०२३ ला नेचरमध्ये आलं. एरोडियमला एक शेपटी असते, यांनी तीन लावल्या, कारण एका शेपटीचं बी सपाट जमिनीवर आडवंच पडून राहतं, तीन असल्या की ते उभं राहतं आणि टोक मातीत घुसतं. सपाट जमिनीवर भिजून-वाळून दोन फेऱ्यांत ८० टक्के आत गेली. मला यातली हीच गोष्ट आवडली की त्यांनी निसर्गाची नक्कल न करता त्यात सुधारणा केली.

आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर लोक सीडबॉल (मातीत बी घातलेले गोळे) फेकतात डोंगरावर, हौसेनं फेकतात, चांगलंच आहे, पण ते वर पडून राहतात, पाण्यानं वाहतात नाहीतर मुंग्या-पाखरं खातात. स्वतः जमिनीत शिरणारं काहीतरी निघालं तर आमच्यासारख्यांना पण उपयोग. तू मेकॅनिकलचा आहेस, पीळ किती आणि टोकाला जोर किती हे मोजायला काय हरकत आहे.

रंकाळा_राउंड

अरे बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

ग्रुपमध्ये बोललो. कुसळाचं सगळ्यांना आवडलं पण कुसळ मिळायचे दिवस आणि सबमिशनची तारीख जुळंना. डासाची सुई आमच्यातली एकजण करायचं म्हणतेय. मला स्वतःला मोल्डरमामांची फिलेट धरावी वाटतेय. एकच शंका आहे, यूटीएमवर मोडून आकडे येतील पण ताण कुठं तुंबतोय हे डोळ्यांना दिसणार नाही, आणि सरांना चित्र दाखवलं की ते खूश होतात हे आता कळलंय. कॉम्प्युटरवर ॲनालिसिस टाकता येईल पण ते सगळेच टाकतात.

थ्रीडी_गोकुळशिरगाव

ताण डोळ्यांना दिसतो मित्रा, आणि जवळजवळ फुकटात. बंद पडलेला एलसीडी मॉनिटर बघ, त्याच्या काचेवर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत हलणारा उजेड पुढं सोडणारा पापुद्रा) असते, ती सोलून घे. दुसरा चालू मॉनिटर पांढऱ्या स्क्रीनवर ठेव, त्यातनं येणारा उजेड आधीच पोलराइज्ड असतो. मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा ब्रॅकेट धर, समोरनं फिल्ममधनं बघ आणि फिल्म फिरव, मागचा स्क्रीन काळा झाला की थांब. आता ब्रॅकेटला लोड दे. ताण जिथं आहे तिथं रंगांचे पट्टे उमटतात, कोपऱ्यात जितके दाट पट्टे तितका ताण जास्त. गोल फिलेट आणि त्रिकोणाची फिलेट शेजारी शेजारी ठेवून फोटो काढ, सर खुर्चीतनं उठून बघतील.

मटेरियल मात्र विचार करून घे. ॲक्रिलिक बोर्ड-नेमप्लेटवाल्यांकडं लेसरनं स्वस्तात कापून मिळतं पण त्यात पट्टे फिके येतात आणि लेसरच्या उष्णतेनं कडेला स्वतःचाच ताण बसतो, रिकाम्या तुकड्यालाच रंग दिसतील. पॉलिकार्बोनेटमध्ये पट्टे झकास येतात पण ते लेसरनं पिवळं पडतं, जळतं, त्यामुळं राउटरनं (फिरत्या पात्याच्या कटिंग मशीननं) किंवा हॅक्सॉनं कापून कानशीनं घास. मी असतो तर मोडायला ॲक्रिलिक आणि बघायला पॉलिकार्बोनेट घेतलं असतं. ॲक्रिलिकच्या कडा पॉलिशपेपरनं मारून घे, नाहीतर कडेच्या बारीक चिरेतनंच मोडंल आणि फिलेटचा काही पत्ता लागणार नाही.

रोबोटचं कुणी बोललं नाही म्हणून जाता जाता, तुमच्यातल्या तिसऱ्याला काम नसेल तर माशाच्या पराचं ग्रिपर (वस्तू पकडणारा रोबोटचा पंजा) द्या. माशाच्या परावर बाजूनं बोट दाबलं की पर पलीकडं न जाता बोटाकडंच वळतो, जर्मनीच्या लाइफ क्नीझं यांनी १९९७ मध्ये हे हेरलं आणि पुढं फेस्टो कंपनीनं त्याचे ग्रिपर बाजारात आणले. दोन तिरक्या पट्ट्या आणि मध्ये आडव्या काड्या, बास. टीपीयूमध्ये (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकमध्ये) एका तुकड्यात प्रिंट होतं, सेन्सर नाही काय नाही, टोमॅटो उचलला तरी डाग पडत नाही. फक्त आपल्याकडं टोमॅटो नको, सगळे तेच दाखवतात. ताजा एक किलोचा गुळाचा रवा (ढेप) उचलून दाखवा, थोडा ओलसर असतानाच, चिकटतो का, आकार बिघडतो का, पॅकिंगवाल्यांना खरंच लागणारी गोष्ट आहे.

शंकासुर

थ्रीडीभाऊंना एक जोड. तुलना करताना दोन्ही ब्रॅकेटचं वजन काट्यावर करून सारखं असल्याचं लिहून ठेव, आणि प्रत्येकाचे निदान पाच-पाच तुकडे मोड. एकेक मोडून जिंकलो म्हणालास तर मी पहिला हसेन. आणि निकाल उलटा आला तरी तसाच लिही, माथेकची पद्धत एकाच बाजूनं ओढ असते तिथं चांगली, ब्रॅकेट दोन्हीकडनं हलवलास तर दोन्ही भिंतींकडनं चढवावं लागेल.

औषधवाली_ताई

आणि सुईवाल्या मैत्रिणीला सांग जिलेटिन प्रत्येक वेळी सारखंच घट्ट बनव, पाणी मोजून, फ्रीजमध्ये वेळ सारखा. नाहीतर सगळा फरक सुईचा नसून जिलेटिनचा निघंल.

मोल्डर_उद्यमनगर

थ्रीडीभाऊ लई भारी, ह्ये रंगाचं मला बी बघायचंय, मॉनिटर जुना पडलाय हाफिसात त्यो देतो.

रंकाळा, प्लास्टिकचं झालं की एक खरं कास्टिंग बी करूया, ग्रे आयर्नमध्ये. लाकडी पॅटर्न आमच्याकडं करून देतो, पैशाचं नंतर बघू. पण येताना ड्रॉइंग नीट आण. ड्राफ्ट अँगल (पॅटर्न वाळूतनं निघायला बाजूंना उतार) टाक, श्रिंकेज अलाउन्स (गार होताना आकसंल तेवढं वाढीव माप) टाक, कुठल्या तोंडाला मशिनिंग हाय ते खुणा करून आण. मागं एक पोरगं नुसतं थ्रीडी मॉडेल मोबाइलवर घेऊन आलं होतं, पॅटर्न वाळूतनं वर निघंना. आणि सकाळी ये, दुपारी मेटल ओतायचं चालू असतंय, तवा कोण बोलत न्हाई.

रंकाळा_राउंड

येतो मामा. सोमवारी चालंल का?

मोल्डर_उद्यमनगर

सोमवारी उद्यमनगर बंद असतंय की रे. मंगळवारी ये.